टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, देवगडात जवळजवळ वर्षभर वापरल्यावर

गेल्या गणपतीच्या आधी घेतला होता, आता पुढचा गणपती आला जवळ, म्हटलं लिहून टाकूया. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हाच डबा चार वेगवेगळ्या नावांनी विकतात, नुसतं स्टिकर बदलतं. 12 व्होल्टचा, वायरवाला, सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा, पाठीवर 120 वॅट लिहिलेला. दोन हजारांच्या आत मिळाला.

गरज काय होती, तर आमच्याकडून पेट्रोलपंप 9 किलोमीटर. हवा फुकट असते खरी पण हवावाला बहुतेक वेळा जेवायला गेलेला असतो, आणि असला तरी मशीनच्या काट्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न आहेच. त्यात वाडीतले रस्ते म्हणजे जांभा दगड, खडी आणि पावसाळ्यात सगळं पाण्याखाली, पुढच्या डाव्या टायरमधून कुठूनतरी हवा जायची आणि दर आठ दिवसांनी खेप.

आधी एक चूक केलेली ती सांगतो. पहिल्यांदा बॅटरीवाला घेतला होता, वायर नको काही नको, पाण्याच्या बाटलीएवढा, दिसायला झकास. स्कूटरला एक नंबर, पुढच्याला 22 मागच्याला 29 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चुटकीसरशी. कारचे दोन टायर केले की बॅटरी खलास आणि बॉडी एवढी तापायची की हातात धरवत नाही. तरी चाललं असतं, पण तो डिकीत तीन महिने पडून राहिला आणि नेमका लागला त्या रात्री बटण दाबलं तर साहेब झोपलेले. शिवाय मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत लिथियमची बॅटरी ठेवायची म्हणजे मला तरी झोप लागत नाही. तो आता मेव्हण्याकडे आहे, सायकलला वापरतो, खूश आहे.

आता या वायरवाल्याबद्दल. खोक्यावर मोठ्या अक्षरात 150 पीएसआय लिहिलेलं असतं, ते बघून घेऊ नका. कारला लागतात 33, माझ्या ड्रायव्हर साइडच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर तेवढंच आहे, 150 चं काय लोणचं घालायचंय? बघायचं ते मिनिटाला किती लिटर हवा टाकतो. यावर 35 लिटर लिहिलंय. मी घड्याळ लावून बसलो एकदा. 14 इंची टायरच्या पोटात साधारण तीसेक लिटर जागा असते, आणि 1 बार (दाबाचंच दुसरं माप) म्हणजे 14.5 पीएसआय, म्हणजे 26 वरून 33 वर न्यायचं तर अर्ध्या बारच्या आसपास, चौदा-पंधरा लिटर हवा झाली. 35 लिटरचा पंप असता तर अर्ध्या मिनिटात व्हायला हवं होतं. लागली दोन मिनिटं! म्हणजे खरं काम मिनिटाला सातेक लिटर. तो 35 चा आकडा समोर काहीच अडथळा नसताना नुसती हवा फुंकायचा असणार. तरी मला दोन मिनिटांबद्दल तक्रार नाही, एवढा वेळ उभा राहू शकतो माणूस.

तक्रार आली ती आंब्याच्या सीझनला. शेजारच्यांच्या पिकअपचं मागचं टायर बसलेलं, पेट्या भरायच्या होत्या, आणले ओढून मला. पंपाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की दहा मिनिटं चालवा मग तेवढाच वेळ थांबवा, पण घाईत कोण वाचतो, वीस मिनिटं घरघर चालू. मग वास आला आणि आपोआप बंद पडला. अर्ध्या तासाने परत सुरू झाला, म्हणजे आत काहीतरी सेफ्टी आहे, पण त्या दिवसापासून आवाज जरा भसाडा झालाय. त्यात मी नोझल काढायला गेलो तर पितळेचं तोंड असं तापलेलं की अंगठ्याला फोड. शेजारचे आजोबा मगाचपासून बघत होते, म्हणाले, "काय रे झिला, गाडयेक सलाइन लावलंस?" फोड फुंकत काय उत्तर देणार!

तर ज्यांच्याकडे टेम्पो-पिकअप आहे त्यांनी हा घेऊ नये, थेट बॅटरीला चिमटे लावायचा मोठा, दोन सिलिंडरचा येतो तो बघावा. कारच्या सॉकेटमधून माझ्या पंपापेक्षा फारसं जास्त ओढता येत नाही, 120 वॅट म्हणजेच 10 अँपिअर झाले आणि सॉकेटचा फ्यूज माझ्या गाडीत 15 चा आहे. इंजिन चालू ठेवूनच वापरा, आणि गाडी पडवीत किंवा बंद शेडमध्ये असेल तर आधी बाहेर काढा.

गेज. हा भाग कोणी सांगत नाही. पंप चालू असताना आकडा जास्त दिसतो कारण नळीतला दाब धरतो, म्हणून 33 ला ऑटो बंद झाला तरी बंद झाल्यावर बघितलं तर 31-32 असतं. वर माझा पंप स्वतःच 2 जास्त दाखवतो, पंक्चरवाल्याच्या जुन्या काट्याच्या गेजशी आणि दोन पेट्रोलपंपांशी ताडून बघितलं. सगळं धरून मी आता 36 वर सेट करतो, ते खऱ्या 33 च्या आसपास बसतं. तुमचाही एकदा तपासून घ्या, प्रत्येकाचं वेगळं निघेल.

आणि थंड टायरलाच मोजा. नोव्हेंबरमध्ये फोंडा घाट उतरून आलो, उत्साहात लगेच लावला, आकडा जास्त दिसला, मी शहाणपणा करून हवा सोडली. सकाळी बघतो तर चारही टायर 29. घाटात ब्रेक लावून लावून टायर तापलेले असतात, तेव्हा दाब तीन-चार पीएसआयने वर असणारच, तो सोडायचा नसतो.

ते डाव्या टायरचं कोडं पण यानेच सुटलं, म्हणजे कसं, दर आठवड्याला घरीच आकडा लिहून ठेवायला लागलो तेव्हा कळलं की फक्त तेच उतरतंय, आठ दिवसांत पाच-सहा पीएसआय. वॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकलं तर बारीक बारीक बुडबुडे. पंक्चर नव्हतंच, वॉल्व्हची पिन ढिली. किरकोळ पैशात बदलून मिळाली. तिथेच पंक्चरवाल्याने ओरडा दिला की ही चमकणारी मेटलची टोपणं काढ आधी, खाऱ्या हवेत ती वॉल्व्हला चिकटून बसतात, मग पकडीने पिळताना वॉल्व्हच तुटतो. साधी प्लास्टिकची लावली.

रस्त्यावर एकदाच खरा उपयोग झाला. हातखंब्याच्या पुढे हायवेवर खिळा घुसला, ट्यूबलेस होता म्हणून मी पंक्चर किटमधली रबराची स्ट्रिप भोकात घुसवली आणि जवळजवळ शून्यापासून भरलं, साडेनऊ मिनिटं, दहाच्या मर्यादेत कसंबसं. पण टायर रिमवरून सुटला असता तर हा पंप काही करू शकत नाही, तिथे एकदम जोरात हवा लागते, स्टेपनीच काढायची. आणि स्टेपनीतली हवा पण बघत जा, माझ्या स्टेपनीत 18 निघाली होती.

वायर तीन मीटर, मागच्या चाकाला खिडकीतून घेतली तर पोचते, दारातून नाही. नोझल फिरवून बसवायचं आहे, काढताना फुस्स करून थोडी हवा जाते, खटका दाबून अडकवायचं असतं तर बरं झालं असतं.

सध्याची अवस्था अशी की सॉकेटच्या पिनवर हिरवट कलंक चढतो, महिन्याने पॉलिश पेपर मारावा लागतो, म्हणून आता झाकणाच्या डब्यात ठेवतो. नळी नोझलजवळ तडकलीय, वर इन्सुलेशन टेप गुंडाळलाय, चालतंय. सुटी नळी विकणाऱ्याकडे नाही म्हणे, अख्खा नवीन घ्या म्हणाला. सावंतवाडीला एकाकडे मिळेल असं ऐकलंय, चतुर्थीच्या आधी एक चक्कर मारणार आहे.