लाल शर्ट, सहा नंबर: कापड लई भारी, अभ्यास कच्चा

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातली खुसपटं काढायचा मला पगार मिळतो. ही सवय घरीसुद्धा सुटत नाही अशी बायकोची तक्रार आहे, तेव्हा पुढचं वाचताना तेवढं धरून चाला.

घेतलेली वस्तू अशी: 1966 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या, पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा कर्णधार बॉबी मूर याने घातलेल्या शर्टाची नक्कल. लाल रंग, लांब बाह्या, गोल गळा, पाठीवर पांढरा सहा. किंमत 32 पौंड, वर पोस्टाचे 4. दुकान इथलंच, लंडनमधलं, पण फक्त ऑनलाइन. नाव मुद्दाम देत नाही, कारण नंतर मालकाशी फोनवर बोललो आणि माणूस भला निघाला.

मूरचाच शर्ट का, तर आम्ही अप्टन पार्क स्टेशनजवळ राहतो. ग्रीन स्ट्रीटवर साड्यांची आणि सोनारांची दुकानं, शनिवारी पाय ठेवायला जागा नाही. त्याच रस्त्याच्या टोकाला, बार्किंग रोडच्या चौकात, मूरचा पुतळा आहे. त्याच संघातल्या हर्स्ट आणि विल्सन यांनी त्याला खांद्यावर घेतलंय, शेजारी पीटर्स, आणि मूरच्या हातात कप. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला थेट आमचं कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आठवलं. फायनल मारली की आमच्या पेठेत कॅप्टनला अस्संच उचलून तालमीपर्यंत नेतात. फरक इतकाच, की तिकडे वर गुलालही असतो.

पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर मूरच्या क्लबचं, वेस्ट हॅमचं, जुनं मैदान होतं. आता तिथे फ्लॅट आहेत. क्लब 2016 मध्ये स्ट्रॅटफर्डच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर गेला, पुतळा मात्र इथेच राहिला. रोज त्याच्या समोरून जाणारा माणूस कधी ना कधी शर्ट घेणारच. आणि मी कोल्हापुरात सात वर्षं स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळलोय, तेही सहा नंबर घालून. त्यामुळे मोह आवरला नाही.

आधी कापड, कारण तिथे दुकानाने मन जिंकलं. शंभर टक्के सुती, बऱ्यापैकी जाड, हाताला मऊ. हल्लीच्या जर्सीसारखं अंगाला चिकटणारं, चकाकणारं प्लास्टिक नाही. मनगटाच्या पट्ट्या घट्ट विणीच्या आहेत, बाही वर सारली की तिथेच थांबते. गळ्याची शिवण दुहेरी. आतलं लेबल मानेला टोचतं, ते पहिल्याच दिवशी कापून टाका. रंग झकास, पण कच्चा. पहिल्या धुण्यात लेकीचा शाळेचा पांढरा शर्ट गुलाबी झाला आणि घरात जे व्हायचं ते झालं. रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवून मग वेगळा धुतला, त्यानंतर रंग गेला नाही. ही सूचना दुकानाने पिशवीत घालायला हवी होती. त्याऐवजी त्यांनी एक गुळगुळीत कार्ड घातलंय. त्या कार्डाबद्दल पुढे बोलतोच.

शर्ट उलटा केला आणि टेस्टर जागा झाला. सहा नंबरच्या वर मोठ्या अक्षरांत ‘मूर’ छापलंय. अहो, त्या काळी शर्टावर नावं नसायची! इंग्लंडमध्ये पाठीवर नाव यायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. 30 जुलै 1966 ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर मूर उतरला तेव्हा पाठीवर फक्त आकडा होता. आणि या माणसाच्या बाबतीत तो आकडा हीच तर सगळी गोष्ट आहे.

ती मला शेजारच्या आजोबांनी सांगितली. वय ऐंशीच्या पुढे, जन्म इथलाच, वडिलांचं बोट धरून जुन्या मैदानावर जायचे. मी शर्ट घालून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होतो, तर मला कुंपणापाशी थांबवून गोल फिरायला लावलं. पाठ बघून त्यांचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्यांच्या चहात मीठ घातलंय. मग अर्धा तास आम्ही तिथेच.

8 सप्टेंबर 1958. वेस्ट हॅम विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. संघात एक जागा रिकामी होती आणि त्या जागेसाठी दोघे होते. एक माल्कम ॲलिसन, क्लबचा जुना बचावपटू, क्षयाने एक फुफ्फुस काढलेलं, तरी परत उभा राहिलेला. दुसरा सतरा वर्षांचा मूर. आणि मूरला खेळ शिकवला कुणी, तर ॲलिसननेच. सहा नंबरचा शर्ट पोराला मिळाला, गुरू बाहेर बसला. वेस्ट हॅम 3-2 ने जिंकलं. गंमत बघा, त्या मैदानावरचा शेवटचा सामना 10 मे 2016 ला झाला, तोही युनायटेडशीच, आणि तोही 3-2.

ॲलिसनने त्याला शिकवलेली मुख्य गोष्ट म्हणे ही, की बॉल आपल्याकडे यायच्या आधीच ठरवून ठेव, आत्ता मिळाला तर कुणाला देणार. हे ऐकून मी तिथेच हसलो. आमच्या पेठेत एक आण्णा होते, जुने खेळाडू. मैदानाच्या कडेला उभं राहून आयुष्यभर एकच वाक्य ओरडायचे, ‘आरं बॉल यायच्या आदी मान वळीव की!’ त्यांनी ॲलिसनचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही.

मूरचा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगणं अवघड आहे, कारण त्याच्यात काय नव्हतं हेच आधी सांगावं लागतं. वेग नव्हता. हेडला मोठा नव्हता. इंग्लंडकडून 108 सामने खेळला, त्यातल्या 90 मध्ये कर्णधार, आणि गोल किती, तर दोन. माझी लेक बारा वर्षांची आहे, तिने विचारलं, ‘बाबा, मग पुतळा कशाला?’ मी तिला 1966 च्या फायनलचं जुनं चित्रीकरण लावून दिलं. सामना संपत आलाय, इंग्लंड 3-2 ने पुढे, बॉल मूरच्या छातीवर येतो, तोही स्वतःच्याच पेनल्टी बॉक्समध्ये. जगातला कुठलाही स्टॉपर तो गॅलरीत भिरकावेल. मी तर स्टेडियमबाहेर रिक्षा स्टँडपर्यंत घालवला असता. शेजारी जॅक चार्ल्टन तेच कर म्हणून ओरडत होता असं सांगतात. मूर मान वर करतो, बघतो, आणि लांबवर पळणाऱ्या हर्स्टला बरोब्बर पास देतो. चौथा गोल. हर्स्टचा पहिला गोलही मूरच्याच फ्रीकिकवर. त्याला पाडलं होतं, तो उठला आणि जर्मन खेळाडू जागेवर यायच्या आत त्याने बॉल उचलून दिला. तक्रार नाही, रेफरीकडे बघणं नाही. लेकीने तो पास चार वेळा मागे घेऊन पाहिला. पुतळ्याचा विषय मग निघाला नाही.

कप घ्यायला पायऱ्या चढताना त्याला दिसलं, की राणीच्या हातात पांढरे हातमोजे आहेत. स्वतःचे हात चिखलाचे. त्याने ते पुसले, कठड्यावरच्या मखमलीलाही पुसले, आणि मग हात पुढे केला. आम्ही टेस्टर याला एज केस म्हणतो, म्हणजे सहसा कुणाच्या डोक्यात न येणारी शक्यता. लाखभर माणसं बोंबलत असताना हे ज्याला सुचतं, तो पेनल्टी बॉक्समध्ये का घाबरत नसेल ते कळतं.

आता शर्टाच्या पुढच्या बाजूला या. छातीवर तीन सिंहांचं चिन्ह आहे, भरतकाम सुरेख, एक धागा लोंबत नाही. पण चिन्हाच्या डोक्यावर एक तारा! तारा विश्वचषक जिंकल्याचा असतो. म्हणजे दुकानाच्या मते मूर फायनल खेळायला उतरला तेव्हाच ती जिंकून आला होता. इतका आत्मविश्वास जर्मनांनीसुद्धा दाखवला नसता.

आणि ते कार्ड. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘सर बॉबी मूर’. इथे आजोबा खरोखर चिडले. त्याच संघातला बॉबी चार्ल्टन सर झाला, हर्स्ट सर झाला, कर्णधार मात्र कधीच झाला नाही. 1967 मध्ये ओबीई ही ‘सर’पेक्षा खालची पदवी दिली, तेवढ्यावर बोळवण. 1993 मध्ये आतड्याच्या कॅन्सरने गेला तेव्हा तो 51 वर्षांचा होता. 24 फेब्रुवारीला गेला, आणि त्याच्या आठवडाभर आधी 17 तारखेला वेम्ब्लीवर रेडिओसाठी इंग्लंड-सान मारिनो सामन्याचं समालोचन करत बसला होता. आजोबा म्हणाले, आम्ही तो आवाज स्वयंपाकघरात ऐकत होतो. एवढंच म्हणाले आणि कार्ड मला परत दिलं.

कॅन्सर त्याला आधीही गाठून गेला होता. 1964 मध्ये, तेविसाव्या वर्षी, वृषणाचा. शस्त्रक्रिया झाली, आणि बाहेर कुणाला पत्ता नाही. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने वेम्ब्लीवर एफए कप, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांचा कप, उचलला होता. पुढच्या मे महिन्यात त्याच मैदानावर युरोपातला कप विनर्स कप, आणि त्याच्या पुढच्या वर्षी विश्वचषक. तीन वर्षं, तीन कप, त्याच पायऱ्या. मधे ऑपरेशन. हे कार्डावर हवं होतं, तिथे लिहिलंय ‘महान खेळाडू’. महान तर आमच्या गल्लीतला पण आहे.

दुकानांच्या बाबतीत या माणसाचं नशीब तसं खोटंच. 1970 च्या विश्वचषकाला जाताना बोगोटाच्या हॉटेलातल्या एका दागिन्यांच्या दुकानाने त्याच्यावर पाचूचं ब्रेसलेट चोरल्याचा आळ घेतला. चार दिवस नजरकैद. संघ पुढे मेक्सिकोला, कर्णधार मागे कोलंबियात. सुटून आला आणि 7 जूनला ब्राझीलसमोर जैरझिन्योचा बॉल असा अलगद काढून घेतला, की आजही टॅकल कसा मारावा हे शिकवताना तोच दाखवतात. नीट बघा, तो घाई करत नाही. जैरझिन्यो बॉक्समध्ये घुसेपर्यंत मागे मागे जात वाट बघतो आणि ऐन वेळी पाय घालतो. इंग्लंड 1-0 ने हरलं, तरी पेलेने शर्ट बदलला तो मूरशी.

टेस्टरने नुसती आरती ओवाळू नये, म्हणून हेही नोंदवतो. 6 जून 1973, पोलंडमध्ये खोझूव. बॉल पायात, समोर लुबान्स्की, आणि मूरने तो घालवला. गोल. इंग्लंड 2-0 ने हरलं, ऑक्टोबरच्या वेम्ब्लीवरच्या परतीच्या सामन्यात त्याला बसवलं, 1-1 झाला आणि 1974 चा विश्वचषक हुकला. नोव्हेंबरात इटलीशी तो शेवटचं खेळला. मग फुलहॅम क्लबला गेला, आणि 1975 च्या एफए कप फायनलला समोर कोण, तर वेस्ट हॅम. फुलहॅम 2-0 ने हरलं. आजोबांना विचारलं, त्या दिवशी कुणाला ओरडलात? त्यांनी उत्तर दिलं नाही, डबा आत न्यायला लागले.

मालकाला फोन केला तेव्हा मी तीनही चुका क्रमाने वाचून दाखवल्या. तो ऐकून घेऊन म्हणाला, तारा आणि नाव नसेल तर शर्ट विकले जात नाहीत, गिऱ्हाइकच मागतं. हे मला पटलं नाही, पण धंदा त्याचा आहे. ‘सर’ची चूक मात्र त्याने मान्य केली आणि 5 पौंड परत पाठवले. शर्ट परत घ्यायलाही तयार होता. मीच नको म्हटलं.

बायकोच्या शिवणपेटीतली छोटी कात्री घेऊन तारा उसवला, दहा मिनिटांचं काम. नाव चिकटवलेलं आहे, हेअर ड्रायरची गरम हवा देत एकेक अक्षर सोललं. ‘अहो, 32 पौंड देऊन आणलेला शर्ट खरवडत कोण बसतं?’ असं विचारून झालं. अक्षरं निघाली पण गोंदाची खूण राहिली, उन्हात उभं राहिलं की अजून पुसट दिसते. आजोबांनी परवा पुन्हा फिरायला लावलं, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, आता चालेल.

पाचपैकी साडेतीन. अर्धा कापलाय तो त्या ‘सर’साठी. माप सांगतो: छातीला बरोबर असतं, पोटावर अडतं. माझं पोट फुलेवाडीच्या मिसळीवर पोसलंय, त्यामुळे नेहमीच्या मापापेक्षा एक मोठं मागवा. आणि ऑर्डर देताना सूचनेच्या चौकटीत लिहा, नाव नको. मी लेकीसाठी दुसरा मागवताना लिहिलं होतं, आणि आला तो नुसत्या सहा नंबरचाच.