गंजलेलं कुलूप: व्हिनेगर की डब्ल्यूडी-४०?

कोकणातल्या बंद घराच्या दारावर दोन-तीन पावसाळे झेललेलं लोखंडी कुलूप. ते दाराला लटकलेलं आहे की हातात, यावरच बरंचसं ठरतं. लटकलेलं असेल तर व्हिनेगरचा विचार सोडा, त्यात कुलूप बुडवून ठेवावं लागतं. तिथे डब्ल्यूडी-४० हा डब्यातला तेलकट फवाराच. बारीक नळी किल्लीच्या भोकात घालून फवारा मारायचा, कडी आत शिरते तिथेही. मग लाकडाच्या तुकड्याने हलके ठोके द्यायचे आणि थोडा वेळ थांबायचं. किल्ली जरा इकडे, जरा तिकडे. जोर लावलात तर ती आतच मोडते, मग चावीवाल्याचे पाय धरा!

पण हा फवारा गंज विरघळवत नाही, फटींत शिरून पकड ढिली करतो एवढंच. गंज काढायला व्हिनेगरच हवं. त्यातलं ४-५ टक्के ॲसेटिक ॲसिड रात्रभरात गंज इतका मऊ करतं, की पापुद्रे जुन्या टूथब्रशने निघतात. पाणी तांबूस-काळं होतं. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून तेल द्यायचं. आळस केलात तर बघता बघता नवा गंज चढतो. पितळी कुलपाला हा उपाय नकोच, जस्त निघून पितळ गुलाबी पडतं.

व्हिनेगर स्वस्त आहे, तरी मी आधी फवाराच मारेन. कुलूप उघडलं की भोकात ग्रॅफाइटची पूड. खोबरेल अजिबात नको, चिकटून धूळ धरतं.