स्पिटफायर म्हणून घेतली, खाली हेराल्ड निघाली

गाडीचे ७,८५,००० रुपये, 'व्हीए नंबर (व्हिंटेज गाडीचा) करून देतो' म्हणून वर ३५,०००, आणि ट्रकवर घालून आणायचे ११,५००. एकूण ८,३१,५०० रुपये. त्या बदल्यात माझ्या शेडमध्ये काय उभं आहे? मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डची चासी आणि तिच्यावर फायबरचं लाल कवच. विकणाऱ्यानं ती ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, म्हणून गळ्यात मारली. निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत जुन्या गाड्यांचा नाद असलेले पुष्कळ आहेत, आणि हा माणूस अजून मोकळा फिरतोय, म्हणून लिहितोय. 'लेथवर वाढलेला माणूस फसलाच कसा' हा प्रश्न घरात, कारखान्यात आणि मेव्हण्याकडून ऐकून झालाय, तेव्हा तो कृपा करून परत विचारू नका.

सुरुवात कशी झाली ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. फोटो झकास, माणूस गोड, मला दादा आणि बायकोला वहिनी, आणि पुण्याची पार्टी उद्याच यायची होती. ५१,००० टोकन त्याच संध्याकाळी फोनवरून गेलं. पुढचे ४,५०,००० आरटीजीएसनं. उरलेले २,८४,००० त्याला रोखच हवे होते, आणि ते त्यानं चंदगड तालुक्यात, हद्दीच्या पलीकडे महाराष्ट्रात, घेतले. हे पलीकडे घेणं किती हिशेबानं होतं ते मला ठाण्यात गेल्यावर कळलं.

आता ज्या गोष्टीनं मला अजून झोप लागत नाही ती. गाडीला जुना जीडी नंबर होता, गोवा-दमण-दीव एकत्र असतानाचा. त्याची गोष्ट अशी: मडगावकडच्या एका पोर्तुगीज साहेबाची ही गाडी, गोवा सुटला तेव्हा साहेब पळाला आणि गाडी बंगल्यातच राहिली. आरसी बुकातही साल १९६१. माणूस जे सांगतोय तेच बुकात लिहिलंय, आणखी काय बघायचं? उलट माझा विश्वास त्या जुळण्यानंच बसला.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला सुटला हे बेळगावच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. फौज इथूनच तर गेली. आणि स्पिटफायर लोकांसमोर पहिल्यांदा आली ती ऑक्टोबर १९६२ मध्ये, लंडनच्या मोटार प्रदर्शनात. म्हणजे साहेब पळाला तेव्हा ही गाडी जगात आलेलीच नव्हती! दोन्ही तारखा मला माहीत होत्या. त्या डोक्याच्या दोन कप्प्यांत होत्या, एकीचा दुसरीशी संबंध येईल असं कुणाला सुचणार आहे? चहा पिता पिता गाडीची गोष्ट ऐकताना कोण वही घेऊन बसतो? मेव्हणा म्हणतो, तो बसला असता. बसला असेल.

दुसरी खूण तर डोळ्यांसमोर होती. ट्रायलला पुढचं डावं चाक पंक्चर झालं. चाक काढलं तर आत ड्रम ब्रेक. स्पिटफायरला पुढे पहिल्यापासून डिस्क ब्रेक. मी विचारलं, अगदी स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, "दादा, डिस्कचं सामान इथं मिळत नाही, आधीच्या मालकानं ड्रम करून घेतले." आपल्याकडे जीपला ट्रॅक्टरचं इंजिन बसतं, तिथे ड्रम का बसणार नाहीत? उत्तर पटण्यासारखंच होतं. कार्बोरेटर एकच का, याचंही असंच उत्तर मिळालं. मूळ गाडीला एसयू कंपनीचे दोन असतात.

आणि लोहचुंबक! फायबरला तो चिकटत नाही, तिथेच कळलं असतं. कारखान्यात ढीग पडलाय, पण खिशात एक नव्हता. बोट लावायला गेलो तर म्हणाला, रंग ताजा आहे, डाग पडेल. ताज्या रंगाची गाडी बघायला जाऊच नका, रंगाआधीचे फोटो मागा. नसतील तर परत फिरा.

गाडी घरी आल्यावर उद्यमबागेतले एक जुने मेस्त्री बघायला आले. बॉनेट उघडलं नाही, सीटवर बसले नाहीत. आधी वाकून खाली बघितलं, मग टेप मागितला. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत साडेएक्क्याण्णव इंच. "काय ओ साहेब, ही हेराल्ड हाय की!" स्पिटफायरला हेच अंतर ८३ इंच भरतं. साडेआठ इंचांचा फरक, चाळीस रुपयांच्या टेपनं कळणारा. दार मलाही जरा लांब वाटलं होतं, पण खरी स्पिटफायर शेजारी उभी असल्याशिवाय लांब म्हणजे कशापेक्षा लांब?

ही लबाडी जमते कारण दोन्ही गाड्या एकाच घरातल्या. स्पिटफायरची चासी हेराल्डवरूनच बेतलेली, आकार दोन्हींना मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरचाच, अख्खं तोंड पुढे उघडणारं बॉनेट तेच, मागचा आडवा पाटाही तोच. फरक खाली आहे. हेराल्डच्या चासीला दोन्ही बाजूंना पसरलेले हात असतात. स्पिटफायरला ते नाहीत, मधला कणाच काय तो, आणि बाजूचा भार दारांखालची पत्र्याची सिल पेलते. त्यामुळे खऱ्या स्पिटफायरमध्येही सिल गंजलेली असली तर गाडी मधून वाकते. जॅक लावून उचला आणि दार उघडझाप होतं का बघा. अडकलं तर रंगावर जाऊ नका. आमच्याकडच्या पावसात उघड्यावर राहिलेल्या गाडीची सिल शाबूत असणं अवघडच. माझी मात्र गंजली नाही, फायबर कसलं गंजतंय!

इंजिन नंबरही बघा. पहिल्या स्पिटफायरला तो एफसीनं सुरू होतो, मार्क थ्रीला एफडीनं. पहिल्या स्पिटफायरचं इंजिन ११४७ सीसीचं, आपल्याकडच्या हेराल्डचं ९४८. माझ्या ब्लॉकवर ती जागा ग्राइंडरनं घासून वर नवे आकडे ठोकलेत. लेथवाल्याला ग्राइंडरची खूण ओळखता येत नाही का? येते, पण त्यावर ग्रीस थापलं होतं.

मग पोलीस. इकडच्या ठाण्यात सांगितलं, रोख महाराष्ट्रात दिलीत, तिकडे जा. तिकडच्यांनी सांगितलं, राहणार कर्नाटकातले, पैसे गेलेलं खातं गोव्याचं, आम्ही काय करणार? इकडे अर्ज कन्नडात मागितला, बाहेर बसणाऱ्याला ५०० देऊन लिहून घेतला. तिकडे त्याच अर्जाची प्रत जोडली तर म्हणाले मराठी भाषांतर आणा, आणि तेही शिक्क्याचं! सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय, त्याचा खरा फायदा कुणाला होतो ते मला आता कळलं. चोर एका दुपारीत तीन राज्यं ओलांडतो, फिर्यादीला मात्र एकेका टेबलाशी हद्द दाखवतात.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आलीय. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. मी छापील पान समोर ठेवलं. साहेबांनी ते उलटं करून त्यावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, हा दिवाणी मामला, वकील बघा. खोटे नंबर ठोकून गाडी विकणं दिवाणी? मग फौजदारी काय असतं? रोख रकमेबद्दल तर मलाच दरडावलं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकराच्या नियमात मनाई आहे खरी, पण दंड घेणाऱ्याला बसतो, देणाऱ्याला नाही, हेही मीच समजावून सांगायचं! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नंबर मिळाला. पुढे बँक म्हणाली, तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवलेत. हो, पाठवले. फसवणूक अशीच होते ना?

ठाण्यानं नकार दिला तर वाद घालत वेळ काढू नका. त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती जपा, तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. माझी पोस्टाची पावती आहे, उत्तर नाही.

आरटीओचं वेगळंच. गोव्याच्या बाजूच्या कार्यालयात कळलं की त्या नंबरावर भलतीच गाडी आहे. तेवढं लेखी द्या म्हटलं तर 'रेकॉर्ड जुनं आहे'. नंबर परराज्यातला असेल तर विकणाऱ्याकडून २८ नंबरच्या फॉर्मची एनओसी आधी, पैसे नंतर. झेरॉक्स आणि 'बुक लॉकरमध्ये आहे' यावर टोकनसुद्धा देऊ नका.

आणि ते व्हीए प्रकरण. २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नव्या नोंदणीची फी २०,०००, मुदत दहा वर्षं. त्यानं २०,००० फी आणि १५,००० 'वरचा खर्च' घेतला. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी यात बसतच नाही. शिवाय ती रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. हा मला दर रविवारी चोर्ला घाटातून गोव्याला पाठवत होता.

नंबर ब्लॉक करण्याआधी एकदाच त्यानं फोन उचलला. मी १९६१ आणि १९६२ चा हिशेब त्याच्या तोंडावर फेकला. "दादा, तुमचा अभ्यास चांगलाय," म्हणाला आणि ठेवला.

आता संकेश्वरच्या ओळखीच्या एकाला तो एमजी कंपनीची जुनी गाडी दाखवतोय. तशीच लाल, तसाच पळालेला पोर्तुगीज साहेब. साल मात्र यावेळी १९५८ सांगतोय. टोकन ३१,००० मागितलंय. त्या गृहस्थांना म्हटलं, पैसे रोखून धरा, रविवारी बघायला बोलवा म्हणावं. मेस्त्रींना घेऊन मीही जाणार आहे, टेप आणि लोहचुंबकासकट.