शिलाजीत: रेझिन, कॅप्सूल, पावडर की थेंब? काही महिन्यांच्या वापरानंतर

चारही रूपं दीर्घकाळ वापरल्यावरचं मत आधीच: वजनकाटा हाताशी ठेवायची तयारी असेल तर रेझिन, म्हणजे बरणीत मिळणारं चिकट, घट्ट शिलाजीत घ्या, नसेल तर कॅप्सूल. पावडर त्याखालोखाल, थेंब सगळ्यात शेवटी. गमीजचा (चघळायच्या गोड गोळ्यांचा) विचार करूच नका. त्यात साखर जास्त आणि शिलाजीत नावापुरतं असतं. हा क्रम 'कोणतं रूप अंगी जास्त लागतं' यावरून लावलेला नाही. रेझिन असो वा सुकवलेला अर्क, द्रव्य पाण्यात विरघळणारंच आहे. खरा फरक पडतो तो रोज तेवढीच मात्रा पोटात जाते का, आणि डबीत नेमकं काय आहे हे तपासता येतं का, यामुळे.

'शिलाजीतमध्ये ८५ खनिजं असतात' ही जाहिरात आधी बाजूला ठेवा. दिवसाची मात्रा साधारण ३०० ते ५०० मिलीग्रॅम. त्यातला पाचवा हिस्सा खनिजांचा धरला तरी सगळी मिळून ६० ते १०० मिलीग्रॅम होतात. प्रौढ माणसाला एकट्या कॅल्शियमची गरज दिवसाला सुमारे १००० मिलीग्रॅम असते. म्हणजे खनिजांची कमतरता भरून काढायला शिलाजीत हा मार्ग नव्हे. त्यात मोलाचं मानलं जातं ते फुल्विक आम्ल आणि त्याच्या जोडीची सेंद्रिय द्रव्यं.

आता रेझिन. 'वाटाण्याएवढं घ्या' ही सूचना सर्रास छापलेली असते आणि तिथेच पहिला घोळ होतो. चिकट पदार्थाचा वाटाणा डोळ्यांनी मोजता येत नाही. एक दिवस २०० मिलीग्रॅम निघतं, दुसऱ्या दिवशी ६००. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, पण रेझिन चमच्यात घेऊन तोलू नका, अर्धं चमच्यालाच चिकटून राहतं. उघडी बरणी काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, काडीने रेझिन काढा आणि काट्यावर –०.३० दिसलं की थांबा. बरणीतून गेलं तेवढं काडीवर आलं. तीच काडी सरळ कोमट पाण्यात ढवळा. काचेच्या बरणीसकट वजन पेलेल एवढी काट्याची क्षमता आहे ना, हे विकत घेतानाच बघा.

रोज तोलायचा कंटाळा असेल तर चार दिवसांचं एकदम करता येतं. १.२ ग्रॅम रेझिन उकळून कोमट केलेल्या पाण्यात विरघळवायचं, एकूण २४ मिली होईल एवढं पाणी घालायचं आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवायचं. सुईविरहित सिरिंजने रोज ६ मिली, म्हणजे ३०० मिलीग्रॅम. यापेक्षा जास्त दिवसांचं करू नका. पाणी मिसळलं की बुरशीला वाव मिळतो. याच कारणाने बरणीत ओली काडी किंवा ओला चमचा कधीच घालायचा नाही.

थंडीत रेझिन दगडासारखं होतं आणि उन्हाळ्यात वाहायला लागतं. यात बिघडल्याचं लक्षण काही नाही. कडक झालं तर झाकण घट्ट लावून बरणी दहा मिनिटं गरम पाण्याच्या वाटीत ठेवा, मायक्रोवेव्ह नको. प्रत्येक वेळी बरणीच्या कडा पुसा, नाहीतर झाकण असं चिकटतं की उघडताना बरणी फुटायची. दुधातून घ्यायचं असेल तर आधी दोन चमचे कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मग दूध ओता. गार दुधात टाकलेला खडा तळाशीच बसून राहतो. चव कडवट, धुरकट, वास ग्रंथांत म्हटल्याप्रमाणे गोमूत्राचा. स्टीलचा चमचा लागला की गुण जातात, हे मात्र फार मनावर घेऊ नका. मिनिटभराच्या स्पर्शाने काही होत नाही.

घरगुती चाचण्यांवर भिस्त ठेवू नका. खरं शिलाजीत कोमट पाण्यात गाळ न राहता विरघळतं, लालसर तपकिरी रंग सोडतं आणि आचेवर धरलं तर पेट न घेता फुगतं, हे बरोबर. पण काकवी घातलेला मालही पाण्यात छान विरघळतो. डांबरी भेसळ किंवा माती पाण्यात उघडी पडते. साखर आणि विरघळलेलं शिसं मात्र उघडं पडत नाही. म्हणून प्रयोगशाळेचा रिपोर्ट हवा, आणि त्यावर तुमच्या डबीवरचाच बॅच नंबर हवा. नुसतं 'पास' लिहिलेला कागद उपयोगाचा नाही, आकडे पाहिजेत. आयुर्वेदिक औषधांसाठीच्या मर्यादा अशा: शिसं १० पीपीएम (दर दहा लाख भागांत दहा भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. 'फुल्विक ८०%' असा दावा असेल तर कोणत्या पद्धतीने मोजलं तेही विचारा, कारण नुसत्या रंगावरून मोजणाऱ्या पद्धती इतर गडद द्रव्यंही फुल्विकमध्ये धरतात.

मर्यादेत बसणारा मालसुद्धा मनमानी मात्रेत घेता येत नाही. १० पीपीएम शिसं असलेल्या मालाच्या ५०० मिलीग्रॅममधून दिवसाला ५ मायक्रोग्रॅम शिसं जातं, २ ग्रॅममधून २०. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने प्रसूतिक्षम वयातल्या स्त्रियांसाठी आहारातल्या शिशाची संदर्भपातळी दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम धरली आहे. चरकसंहितेत शिलाजतूची (शिलाजीतचं संस्कृत नाव) सर्वांत कमी मात्रा एक कर्ष, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम सांगितली आहे. ती वाचून कोणी आजची डबी तशी संपवायला निघू नये.

कॅप्सूलचा फायदा एकच, पण मोठा: मात्रा ठरलेली. प्रवासात कटकट नाही, चवीचा प्रश्न नाही. लेबल मात्र बारकाईने वाचावं लागतं. '५०० मिलीग्रॅम' हे शुद्ध अर्काचं वजन आहे की भरणद्रव्यासकट, हे लिहिलेलं नसेल तर ती डबी सोडा. एक कॅप्सूल बशीत उघडून बघा. शुद्ध सुका अर्क गडद असतो आणि हवेतला ओलावा ओढून गुठळ्या धरतो. फिकट, सुळसुळीत आणि तासभर तशीच राहणारी पावडर असेल तर त्यात माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भरणपावडर) किंवा तत्सम काहीतरी भरपूर आहे. हाच ओलावा ओढण्याचा गुण जिलेटिनच्या कवचालाही कोरडं करतो आणि कवच तडकतं. वनस्पतिजन्य एचपीएमसी कवच तुलनेने टिकतं. डबीतली ओलावा शोषणारी सिलिकाची पुडी फेकू नका. रिकाम्या पोटी, घोटभर पाण्याबरोबर घेतली तर कडू ढेकर येतात. पेलाभर पाणी प्या.

सुटी पावडर पावसाळ्यात ढेकूळ होते आणि मग चमच्याचं माप बिघडतं. घ्यायचीच तर लहान पाकीट घ्या. थेंबांच्या बाटलीवर बहुतेकदा 'दहा थेंब' एवढंच असतं, दर मिलीत किती मिलीग्रॅम हे नसतं. तो आकडा नसेल तर तुम्ही मुख्यतः ग्लिसरीन विकत घेताय. चंद्रप्रभा वटी या आयुर्वेदिक गोळीत शिलाजीत असतं, पण तेवढ्याने ती पर्याय ठरत नाही; तिच्यात गुग्गुळ आणि लोहभस्मही असतं.

परिणाम जोखायला घाई नको. चाचण्यांमधले कालावधीही लांब आहेत: २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४५ ते ५५ वयाच्या पुरुषांना २५० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, ९० दिवस दिलं होतं आणि टेस्टोस्टेरॉनमध्ये वाढ दिसली. तो शुद्ध केलेला अर्क होता, त्यामुळे निष्कर्ष कुठल्याही डबीला लावता येत नाही. चौथ्या दिवशी जाणवणारी तरतरी मनाची जास्त असते. मधेच रूप बदलू नका: रेझिनमध्ये पाणी असतं, त्यामुळे ३०० मिलीग्रॅम पातळ रेझिन आणि ३०० मिलीग्रॅम सुका अर्क सारखे नव्हेत.

सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहसाठा), युरिक आम्ल आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. शरीरात लोह साठण्याचा विकार, थॅलेसेमिया, सिकलसेल, वाढलेलं युरिक आम्ल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा गर्भारपण असेल, तर घेऊ नका. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. ग्रंथांनी शिलाजीत घेताना कुळीथ वर्ज्य सांगितलाय. परंपरेने घेणाऱ्यांनी तो पाळावा. पुरळ, मळमळ किंवा धडधड सुरू झाली तर मात्रा कमी करत बसू नका, बंदच करा आणि बॅच नंबर असलेली डबी जपून ठेवा.