एकोणीस महिने बीएलडीसी पंखा: वस्तीवर जिंकला, आईच्या खोलीत हरला

ऑक्टोबर 2023 मध्ये, दिवाळीच्या आधी, पुण्यातल्या तपकीर गल्लीतून एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे तीन बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे, आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेले) छताचे पंखे घेतले. 1200 मिलीमीटर, पाच स्टार, खोक्यावर 32 वॉट. एक पुण्याच्या घरात हॉलमध्ये लावला, एक आईच्या खोलीत आणि एक करमाळ्याकडच्या वस्तीवर. लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण मे 2025 मध्ये वस्तीवरचा पंखा बंद पडला आणि त्यावरून कंपनीशी महिनाभर वाद झाला, म्हणून आता सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव देत नाही. जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी पंखे जमवतो. माळ्यावर आणि खोल्यांत मिळून अकरा आहेत: 1980 च्या दशकातला वडिलांनी घेतलेला क्रॉम्प्टन, एक जीईसी, दोन उषा, एक ओरिएंट, एक रॅलीफॅन, बाकी नंतरचे. लिलावातल्या भंगारातून आलेला रेल्वेच्या डब्यातला 110 व्होल्ट डीसीचा 400 मिलीमीटरचा पंखाही जुन्या बाजारात मिळाला. घरात डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज हवं तेवढं कमी-जास्त करायचं यंत्र आहे, वॉटमीटर आहे आणि पात्यावर चकचकीत पट्टी चिकटवून फेरे मोजायचा टॅकोमीटर आहे. पंखा नवा असो की जुना, घरी आला की 230, 200, 170 आणि 150 व्होल्टवर चालवून वहीत आकडे लिहायचे, हा शिरस्ता. दुकानात पंखा कधीच 170 व्होल्टवर दाखवत नाहीत, आणि आमच्या वस्तीवर एप्रिलच्या संध्याकाळी तेवढेच मिळतात.

पहिल्या महिन्यातलं माझं मत फार चांगलं नव्हतं. हॉलमध्ये 230 व्होल्टवर जुना क्रॉम्प्टन मिनिटाला 372 फेरे मारायचा आणि 76 वॉट खायचा. नवा 356 फेऱ्यांवर थांबतो आणि 31 वॉट खातो. वीज निम्म्याहून कमी हे खरंच, पण सोफ्याच्या टोकाला बसलं की वारा कमी लागतो, हे घरातल्या सगळ्यांनी न विचारता सांगितलं. इथे स्टारच्या पट्टीबद्दल बोलायलाच हवं. 1 जानेवारी 2023 पासून सीलिंग पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं. स्टार ठरतात ते सर्व्हिस व्हॅल्यूवर, म्हणजे मिनिटाला किती घनमीटर हवा भागिले किती वॉट. 2023 च्या पट्टीत भागाकार 6 झाला की पाच स्टार. 210 घनमीटर हवा 35 वॉटमध्ये दिली की 6 भरले, पाच स्टार मिळाले. जुना पंखा 235 घनमीटर देत असेल, पण 76 वॉट खात असेल, तर भागाकार 3 च्या आसपास येतो आणि तो या पट्टीत बसतच नाही. म्हणजे पाच स्टारवाला जास्त वारा देतो असं अजिबात नाही. लेबलवर हवेचा आकडा छापलेला असतो, तो स्टारच्या आधी वाचा. एक स्टारलाही भागाकार 4 लागतो, म्हणून आता साधे पंखेसुद्धा 50-52 वॉटचे यायला लागलेत. त्यांतले दोन मी मोजले. फेरे 350 च्या आतच. त्यामुळे "साधा घेतला की पूर्वीसारखा वारा" हाही हिशोब आता उरलेला नाही.

एप्रिल 2024 मध्ये वस्तीवर गेलो आणि मत फिरलं.

आमचं घर लाइनीच्या शेपटाला आहे. संध्याकाळी सातनंतर व्होल्टेज 175, कधी 165. ओसरीवरचा उषा त्या वेळी इतका हळू फिरायचा की पाती मोजता यायची. साध्या पंख्याची इंडक्शन मोटर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने जोर गमावते. 230 चे 170 झाले की जोर निम्म्यावर येतो. माझ्या वहीत क्रॉम्प्टनचे आकडे आहेत: 200 व्होल्टवर 331 फेरे, 170 वर 268, 150 वर 214. बीएलडीसी 170 वर 355, आणि 140 वर 352! हे मी डिमरस्टॅटवर तीनदा तपासलं, कारण पहिल्यांदा टॅकोमीटरच चुकतोय असं वाटलं. आत आधी एसीचा डीसी होतो, मग बोर्ड मोटरला लागेल तेवढं ठरवून देतं. बाहेर व्होल्टेज उतरलं की तो थोडा जास्त करंट ओढतो आणि फेरे राखतो. इन्व्हर्टरवरही तेच. वस्तीवरचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी वेव्हचा आहे. त्यावर उषा रात्रभर घुमायचा, हा घुमत नाही. त्या रात्री साडेआठला चुलतभाऊ आत आला, वर बघून म्हणाला, "दादा, आज लाइट फुल आलीय काय?" मी मीटर दाखवला. 168.

ज्याच्या घरी संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्याने विचार न करता बीएलडीसी घ्यावा, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. पुढे जे झालं त्यानेही ते बदललं नाही.

आता आईची खोली. मला माहीत आहे की पंख्याच्या परीक्षणात रिमोटवर कुणी एवढं लिहीत नाही, पण माझ्या घरात या पंख्याची सगळ्यात मोठी खोट हीच ठरली, म्हणून मी लिहिणार. आई 78 वर्षांची आहे. रात्री दोन-अडीचला तिला गारठा लागतो. गेली चाळीस वर्षं ती अंधारात उठून भिंतीवर हात फिरवते, रेग्युलेटरचा नॉब सापडतो, पाचवरून तीनवर आणते आणि झोपते. दिवा लावावा लागत नाही, चष्मा लागत नाही. बीएलडीसीला जुना रेग्युलेटर चालत नाही. तो लाइनीत ठेवला तर बोर्ड बिघडतं, म्हणून इलेक्ट्रिशियनने काढून तिथे कोरी प्लेट बसवली. आईच्या हातात आला रिमोट: सगळी बटणं एका आकाराची, एका उंचीची. तिसरा वेग, टायमर आणि बंद करायचं बटण बोटाला सारखीच लागतात. तिने तीन दाबायला जावं आणि टायमर लागावा, मग पहाटे चारला पंखा आपोआप बंद. मे महिन्यात. मी बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले, रिमोट दोरीने पलंगाला बांधला, मधल्या बटणावर टिकली चिकटवली. काही दिवस जमलं, मग सेल उतरले. एकदा पाणी प्यायला उठलो तर ती अंधारात कोऱ्या प्लेटवर बोटं फिरवत उभी होती. मला म्हणाली, "अरे, हात सवयीने जातो रे." खटका भराभर चालू-बंद करून वेग बदलायची सोय या मॉडेलमध्ये आहे, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मध्यरात्री ते मोजत कोण बसेल? भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसी आता काही कंपन्यांनी आणलेत. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीसाठी घेणार असाल तर तेच मागा, दुकानदाराने रिमोटचं कितीही कौतुक केलं तरी.

मे 2025 आठवतच असेल, महिनाभर पाऊस होता. वस्तीवर एका दुपारी वादळात खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सुटला. न्यूट्रल गेला की तीन फेजचा तोल जातो. एका घरात 150 व्होल्ट, शेजारच्या घरात 300. आमच्या वाट्याला 300 ची बाजू आली. दिवे पांढरे झाले, दोन एलईडी गेले, मी मल्टिमीटर लावला तर 312. मेन स्विच खाली ओढेपर्यंत खोलीतला बीएलडीसी थांबला होता. ओसरीवरचा उषा मोठ्याने घुमत फिरतच होता. संध्याकाळी न्यूट्रल जोडल्यावर तो नेहमीसारखा चालला, नवा चालला नाही.

खोक्यावर 140 ते 285 व्होल्ट लिहिलंय, तेव्हा 312 ला बोर्ड गेलं यात कंपनीची चूक नाही, हे मी मान्य करतो. माझा राग पुढच्या गोष्टींचा आहे. पंखा वॉरंटीत होता. सेवा केंद्राने आधी सांगितलं की माणूस वस्तीवर येणार नाही, पंखा तालुक्याला आणा. नेला. पाच दिवसांनी म्हणाले, व्होल्टेजने गेलंय, वॉरंटीत बसत नाही, बोर्ड 950 रुपये. 950 ला तयार झालो, तर बोर्ड शिल्लक नाही. तेवीस दिवस फोन केले. बाजारात दुसऱ्या कुठल्या बोर्डाने चालत नाही. साध्या पंख्याचा कंडेन्सर गेला तर कुठल्याही गावात साठ-सत्तर रुपयांत अडीच मायक्रोफॅरडचा मिळतो, बेअरिंग 6202 सुद्धा सहज सापडतं. पंखा एका माणसाच्या गोदामावर अवलंबून असणं मला सहन होत नाही.

चोविसाव्या दिवशी पंखा परत आणला आणि पुण्यात ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे बोर्ड नेलं. त्याने बघताक्षणी दाखवलं: तोंडाशी बसवलेला निळा व्हॅरिस्टर फुटलेला आणि त्यामागचा फ्युजसारखा रेझिस्टर उडालेला. हे दोन भाग जादा व्होल्टेज अंगावर घेऊन मरण्यासाठीच असतात, मागचं सगळं वाचावं म्हणून. मागचं खरंच वाचलं होतं. दोन्ही बदलले, 140 रुपये मजुरीसकट. वीस मिनिटांत पंखा फिरला! डिमरस्टॅटवर लावला, 355 फेरे, 31 वॉट, काडीचा फरक नाही.

म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याने काम नीट केलंय. बोर्ड गेलं की पंखा भंगारात, हे मी दोन वर्षं लोकांना सांगत होतो, ते मागे घेतो. चांगला कारागीर असेल तर बोर्ड उघडून बघा, मग 950 भरा.

आता आमची मांडणी अशी आहे. हॉलमधला बीएलडीसी तसाच. जुन्यापेक्षा 45 वॉट कमी, रोजचे पंधरा तास धरले तर महिन्याला वीस युनिट वाचतात. आमचं बिल 120 युनिटच्या आसपास असायचं, ते शंभरच्या खाली आलं. शंभरच्या वरच्या युनिटांना जो दर लागतो तो बघता हे वीस युनिट फार मोलाचे आहेत. आईच्या खोलीतला काढला. तिथे हॉलमधला जुना क्रॉम्प्टन लावला, नवा कंडेन्सर, नवं बेअरिंग, पाती धुऊन तोललेली. रेग्युलेटर मात्र जुना डबा नाही, तो तापतो आणि वाचवलेली वीज भिंतीत घालवतो. पाच पायऱ्यांचा इलेक्ट्रॉनिक घेतला, त्यात कंडेन्सर असतात. तीनवर क्रॉम्प्टन 41 वॉट खातो, बीएलडीसी 12 खायचा. महिन्याला आठ-नऊ युनिट जास्त. बिल पुन्हा शंभराच्या उंबरठ्यावर आलंय. ते मी हॉलचा टीव्ही खटक्यावरून बंद करून भरून काढतोय.

आईकडचा काढलेला बीएलडीसी वस्तीवर ओसरीवर लावला, उषा पुण्यात माळ्यावर आला. वस्तीवरच्या मेन बोर्डात व्होल्टेज 270 च्या वर गेलं की लाइन तोडणारा रिले बसवलाय. दोन व्हॅरिस्टर आणि दोन रेझिस्टर पुडीत घालून त्याच मेन बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलेत, आणि चुलतभावाला कुठले ते दाखवून ठेवलंय.