टॅबवर कलर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा असंल तर स्नॅपसीड घ्या

अँड्रॉइड टॅबवर स्नॅपसीड हे फोटो एडिट करायचं ॲप वापरायलोय, फुकट आहे, जाहिराती पण नाहीत. बरेच जण फोटोचं सॅच्युरेशन (म्हंजे रंगांचा भडकपणा) झिरो करतेत अन् झालं म्हणतेत, पण तसं केलं की फोटो पार मरगळतो. पैठणीचंच बघा ना, लाल अंग अन् हिरवा काठ, सॅच्युरेशन काढलं की दोन्ही जवळपास सारखेच करडे दिसायलेत, काठ कुठं सुरू झाला तेच कळत नाही. स्नॅपसीडच्या ब्लॅक अँड व्हाइट टूलमधी कलर फिल्टर आहे, तिथं लाल निवडला की अंग उजळतं, काठ गडद होतो, हिरवा निवडला की बरोब्बर उलटं. लई भारी चीज आहे ही!

बीबी का मकबऱ्याला पण लाल फिल्टर लावून बघा, निळं आभाळ काळंभोर होतं अन् पांढरा घुमट एकदम उठून येतो. माणसाच्या चेहऱ्याला मात्र केशरी बरा, डाग कमी दिसतेत, निळा लावला तर चेहरा उगं काळवंडतो.

वेरूळच्या कैलास लेण्याला फिल्टरनं फार फरक पडत नाही, बेसाल्टला मुळात रंगच कमी, तिथं कॉन्ट्रास्ट अन् डीटेल्स टूलमधलं स्ट्रक्चर (पोत ठळक करणारं) थोडं वाढवा, जास्ती नको, दगड खरबरीत होऊन बसतो. अन् व्ह्यू एडिट्समधी (केलेल्या बदलांच्या यादीत) जाऊन फिल्टर मागाहून बदलता येतो, त्यामुळं बिनधास्त करून बघा, पण फोटो सेव्ह करताना कॉपीच सेव्ह करा, मूळ कलर फोटो हातचा घालवू नका.