इंजिन रेस घेत नाही म्हणून ४८ हजार घेतले आणि मीटरचा स्क्रू फिरवून दिला

मुंबई बंदरात ज्यांची शिडाची बोट आहे किंवा जे सेकंडहँड घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी हे वाचाच, कारण हा प्रकार करणारा मिस्त्री अजून धक्क्यावर फिरतोय आणि बोलायला एकदम गोड आहे. नाव लिहीत नाही, पद्धत लिहितो, भेटला तर त्यावरून ओळखाल.

बोट ३३ फुटी, जुनी, आम्ही तिघांनी मिळून घेतलेली. आत यान्मारचं तीन सिलिंडरचं ३जीएम३० इंजिन, कागदावर ३६०० आरपीएमला २७ हॉर्सपॉवर. शिडाची बोट म्हटलं की लोकांना वाटतं इंजिन काय नावापुरतं, पण वारा पडला किंवा मांडव्याहून येताना उधाणाची ओहोटी समोरून लागली की सगळी भिस्त त्याच्यावरच. दिवाळीनंतर बोट बरेच दिवस मूरिंगवर (पाण्यातल्या बोयाला बांधून) नुसती उभी होती, मग काढली तर फुल थ्रॉटल देऊनही आरपीएमचा काटा २४०० च्या वर जाईना आणि मागून काळा धूर. न्यूट्रलला मात्र मस्त ३७०० पर्यंत रेस घेत होतं.

ओळखीतून हा मिस्त्री आला. पाच मिनिटं आवाज ऐकला, धूर बघितला आणि निकाल दिला, "साहेब, पंप गेलाय, नोझल पण गेलेत, पंप खोलून कॅलिब्रेट करावा लागेल, असंच चालवलं तर रिंगा जातील मग लाखाच्या घरात जाईल." (पंप म्हणजे डिझेल दाबाने पाठवणारा, नोझल म्हणजे ते सिलिंडरमध्ये फवारणारे.) पिस्टनच्या रिंगा म्हटलं की कुठलाही मालक गार पडतो, हे त्याला बरोबर माहीत. अर्धे पैसे आधी, अर्धे काम झाल्यावर, एकूण ४८ हजार. काम आठवड्याच्या मधल्या दिवशी, म्हणजे आमच्यापैकी कोणी बोटीवर नसताना. ते त्यानेच सुचवलं, "तुम्ही कशाला सुट्टी टाकता" म्हणून.

डिलिव्हरीच्या दिवशी आम्हाला बंदरात एक फेरी मारून दाखवली. काटा ३३००! आम्ही तिघं खूश. धूर थोडा होता त्यावर म्हणे नवीन नोझल आहेत, सेट व्हायला वेळ लागतो. जुने पार्ट मागितले तर तेलकट पिशवीत तीन नोझल काढून हातात दिले. पैसे दिले.

पुढच्या रविवारी जीपीएसवर स्पीड बघितला तर ३३०० ला जेमतेम ४ नॉट. आधी हीच बोट २६०० ला साडेपाच द्यायची. (स्पीड असा मोजणार असाल तर भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा मोजा, जाताना आणि येताना दोन्हीकडून, आणि सरासरी काढा, कारण आपल्या बंदरात पाण्याची ओढ इतकी असते की एका बाजूचा आकडा काहीही सांगतो.) दुसरी गोष्ट अजून विचित्र. नुसतं चालू ठेवलं की काटा पूर्वी साडेआठशेवर असायचा, तो आता पावणेबाराशे दाखवत होता, आणि कानाला आवाज तर तोच जुना धक-धक. न्यूट्रलला रेस दिली तर काटा ४००० ओलांडून शेवटच्या पिनला जाऊन चिकटला. हे इंजिन तेवढं पळूच शकत नाही, वेगावर मर्यादा ठेवणारा गव्हर्नर पळू देणार नाही.

मग आरपीएम मोजायचा, हातात धरायचा लेझर टॅकोमीटर मागवला, हजार-दीड हजाराची वस्तू, क्रँकच्या पुलीवर चमकणाऱ्या टेपचा तुकडा लावून त्यावर किरण मारायचा. (बेल्टपासून हात आणि बाही लांब ठेवा.) डॅशबोर्डवर ३३००, लेझरवर २४००. म्हणजे इंजिन होतं तिथेच होतं. आमचा मीटर आधीच्या मालकाने बदललेला, अल्टरनेटरवरून सिग्नल घेणारा, आणि असल्या मीटरच्या मागे पुली-रेशोप्रमाणे अॅडजस्ट करायला एक बारीक स्क्रू असतो. पॅनल उघडलं तर मागे सगळीकडे धुळीचा थर आणि त्या स्क्रूची खाच तेवढी चकचकीत, ताजी खरवडलेली.

नंतर पंप बघितला. पंपाच्या नटांवरचा जुना रंग जसाच्या तसा, नट आणि बॉडीच्या सांध्यात मिठाची पांढरी रेघसुद्धा तुटलेली नाही. स्पॅनर लागला असता तर रंग उडाला असता ना? आणि पिशवीतले नोझल तर कहरच. या इंजिनचे नोझल पिंटल जातीचे, टोकाला एकच भोक आणि त्यातून डोकावणारी पिन. पिशवीतल्यांना टोकाला चार-पाच बारीक भोकं, कुठल्यातरी ट्रकचे असावेत. नेहमीच्या डिझेल-पंपवाल्याला दाखवले तर तो हसायलाच लागला.

खरा आजार शेजारच्या मच्छीमार बोटीवरच्या तांडेल काकांनी एका वाक्यात सांगितला, "पंखा बघितला का?" पाणबुड्या खाली पाठवला, त्याने मोबाईलवर व्हिडिओ काढून आणला. प्रोपेलरची पाती दिसतच नव्हती, बार्नकलचं (चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यासारख्या समुद्री जीवांचं) नुसतं फुलकोबी झालेलं. आपल्या कोमट पाण्यात बोट उभी राहिली की हे काही आठवड्यांत होतं, आणि तळाला अँटीफाउलिंग (असले जीव चिकटू नयेत म्हणूनचा रंग) लावलं तरी पंखा बहुतेक वेळा तसाच उघडा सोडलेला असतो. पाणबुड्याने खरवडून काढलं, ४८ हजारांच्या मानाने किरकोळ पैसे घेतले, आणि लेझरवर खरे ३४००. धूर बंद.

तर कोणी पहिल्या भेटीत पंप, नोझल, रिंगा म्हणायला लागला की आधी हे बघून घ्या. न्यूट्रलला पूर्ण रेस घेतं पण गिअरमध्ये अडतं आणि काळा धूर येतो, म्हणजे डिझेल जातंय पण लोड झेपत नाहीये किंवा हवा कमी पडतेय, तेव्हा पंखा, तळ, शाफ्टला गुंडाळलेली दोरी-जाळं हे पहिलं. पंप कमी डिझेल देत असता तर काळा धूर आला असता का, एवढा एक प्रश्न त्याला विचारून बघा. खराब नोझलने काळा धूर येऊ शकतो हे खरं, पण नोझल काढून टेस्टिंग मशीनवर तुमच्यासमोर स्प्रे दाखवता येतो. धूर नाही आणि इंजिन वर-खाली झोके घेतंय तर बहुतेक डिझेल पोचत नाहीये, फिल्टर चोंदलाय, फिल्टरच्या वाटीत पाणी आहे किंवा टाकीचा ब्रीदर (हवा आत घेणारी नळी) बंद. न्यूट्रललाही रेस घेत नसेल तर कोणीतरी थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि दुसऱ्याने खाली बघा पंपावरचा लिव्हर स्टॉपच्या बोल्टला टेकतोय का, केबल ढिली असली की टेकत नाही. एक्झॉस्टचा एल्बो (वाकडा पाइप) पण बघा, जिथे धुरात थंड करायचं पाणी मिसळतं तिथे आतून कार्बन साचून भोक बोटभर उरतं.

काम देण्याआधी पंपाच्या नटांवर आणि मीटरच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावून फोटो काढून ठेवा, आम्ही आता तेच करतो. डिलिव्हरी घेताना ट्रायल गिअरमध्ये, फुल थ्रॉटलला, स्वतःच्या लेझर मीटरवर.

त्या मिस्त्रीला फोन केला तेव्हा म्हणाला, "साहेब, मीटर ३३०० दाखवतोय ना, मग अजून काय पाहिजे?" नंतर नंबर ब्लॉक. बिल साध्या लेटरपॅडवर आहे, त्यावर "पंप कॅलिब्रेशन, नोझल ३ नग" असं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं आहे, ते, मीटरचे फोटो आणि ट्रकचे नोझल जपून ठेवलेत. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवलीय, काही झालं तर लिहीन. तुमच्याकडेही अशीच तेलकट पिशवी आली असेल तर नोझलच्या टोकाचा फोटो टाका.